चार चिंचोक्यांवर आलेला डाव

नागपंचमीला आमच्या गोदामातला एकही हमाल हातात लोखंडी आकडा धरायचा नाही. त्या दिवशी जमिनीत नांगर घालायचा नाही, विळी वापरायची नाही, आणि ज्या अर्थी आकडा पोत्यात टोचावा लागतो त्या अर्थी आकडाही खुंटीलाच राहिला पाहिजे, असा टोळीचा सरळ हिशोब. पोती हलणार नाहीत म्हटल्यावर काटा बंद, आणि काटा बंद म्हणजे मीही मोकळा. मग सकाळपासून रिकामी पोती अंथरून तीनपत्तीची स्पर्धा मांडायची, हा मुरूम गावच्या सोसायटीतल्या हमालांचा सण. नागोबाला दूध घरच्या बायका घालायच्या. पुरुषमाणसं इकडं पत्ते पिसायची.

मी तेव्हा काट्यावर होतो. पोतं चढलं की वजन ओरडून सांगायचं, एवढंच काम. मॅट्रिक होऊन पगारी नोकरीला लागलेला आमच्या वस्तीतला मी दुसरा की तिसरा. आमच्या घरातले देव जाऊन बुद्धाची तसबीर आली त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली होती. पण बाजाराच्या नजरेतून सगळंच काही गेलं नव्हतं. दुपारी हमाल कोंडाळं करून पत्ते खेळायचे आणि मी काट्याशेजारी बसून भाकरी खायचो. 'येऊ नको' असं कुणी म्हणायचं नाही. 'ये' असंही कुणी म्हणायचं नाही. आणि मी मोठा स्वाभिमानी, आपणहून कशाला जाईन!

एका दुपारी दादांनी आपला गुडघा सरकवून जागा केली. सगळी टोळी त्यांना दादाच म्हणायची. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, खांदा असा की क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन थप्पीची फळी चढताना तोंडातलं बोलणं थांबायचं नाही.

"काट्याची काय राखण करायलास? त्यो काय पळून जातोय व्हय? बस हितं," ते म्हणाले, आणि माझ्यापुढं तीन पानं टाकली.

बाकीच्यांनी मला जरा जपूनच खेळवलं. 'नवीन हाय, असू द्या' वगैरे. दादांनी मात्र अर्ध्या तासात माझ्यापुढचा शेवटचा चिंचोका उचलला आणि वर खदाखदा हसले. "उद्या पुन्हा ये. अजून लुटतो तुला." त्या दिवशी मी घरी गेलो तो जवळजवळ उड्या मारत. आईला कळेना, हरून आलेल्या पोराला एवढं काय झालंय. हातचं राखून खेळणारे मला परके समजत होते. दादांनी मला आपला समजून सोलून काढलं होतं. एवढी साधी गोष्ट तेव्हा मला कळली होती, आणि नेमकी जिथं तिचा उपयोग होता तिथं मी ती विसरलो.

चिंचोक्यांचं सांगायला हवं. गोदामात पैशानं खेळाल तर टोळीच बदलीन, असा चेअरमनसाहेबांनी दम भरला होता. म्हणून प्रत्येकाला चाळीस चिंचोके वाटायचे. ज्याचे संपले त्यानं उठायचं. पत्त्यांचा जोड सोसायटीच्या कपाटात राही आणि कपाटाची किल्ली माझ्याकडं. जिंकेल त्याला फेटा आणि नारळ, आणि पोत्यांच्या हातगाड्यावर बसवून बाजारातून मिरवणूक. बक्षीस म्हणाल तर एवढंच, पण त्या फेट्यासाठी माणसं वर्षभर एकमेकांना डिवचायची.

मी सांगतोय ती बहात्तरची नागपंचमी. श्रावण नावाला होता. मागचं सालही अर्धं कोरडंच गेलेलं, आणि या साली तर आभाळानं तोंडच फिरवलं. गोदामात गावची ज्वारी यायची थांबली होती. बाहेरून सरकारी धान्याची पोती येतील तेवढंच काम. अशा वेळी दादांना खोकला लागला. आधी आम्ही म्हटलं, धुरळ्याचा असेल. मग एक दिवस थप्पीवरून उतरताना ते मटकन बसले आणि तोंडाला लावलेला पंचा लाल झाला. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात फोटो काढला, टीबी निघाला. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तिथं भरती व्हायचं ठरलं. त्या काळी आमच्याकडं टीबी म्हटलं की माणसं आवाज खाली आणायची. बरी होऊन आलेली माणसं आम्ही पाहिलीच नव्हती.

टोळीत एक रिवाज होता, आणि तो चांगला होता, यात शंका नाही. आजाऱ्याचं पोतं टोळी उचलते. त्याच्या वाट्याचं काम बाकीचे करतात आणि तो नुसता बसून राहिला तरी त्याचा वाटा त्याला मिळतो. दोन महिने दादा असे बसून होते. कुणी त्यांना सुतळीसुद्धा उचलू देईना. ज्या माणसानं दुसऱ्यांची पोती उचलली तो आता थप्पीच्या सावलीला बसून आम्हाला बघायचा, आणि आम्ही त्याच्याकडं बघायचं टाळायचो.

त्या सकाळी मी कपाटातून पत्ते काढत होतो तेव्हा ते मागं येऊन उभे राहिले.

"एक ऐक," ते म्हणाले. "दोन महिने झालं, सगळेच माझं पोतं उचलायलेत. बायको घागर उचलू देईना, पोरगी पाण्याचा तांब्या हातात आणून द्यायली. लई बेजार झालोय. आज पत्त्यात तरी कुणी माझं पोतं उचलू नका."

"कोण उचलतंय दादा? तुम्ही आम्हाला कच्चं खाता," मी म्हणालो.

"मुकादमाला बी सांग तसं."

मी टोळीच्या मुकादमांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणजे हे सगळं मला नीट कळलं होतं. कुणी म्हणू नये की मला माहीत नव्हतं.

सोळा जण बसलो होतो, दोन कोंडाळ्यांत. दादांची सुरुवात फार वाईट झाली. पानंच येईनात. राजाची जोडी हातात धरून त्यांनी वीसेक चिंचोके सारले आणि समोरच्यानं बदामचे तीन पत्ते दाखवले. पुन्हा एकदा तसंच. जेवणवेळेपर्यंत त्यांच्यापुढं चार चिंचोके उरले. चार. दर डावाला सुरुवातीला एक टाकावाच लागे, म्हणजे उरले चार डाव. एरवी हरणाऱ्याची सगळे चेष्टा करायचे, आज कुणी करेना. दादांना ते कळलं. म्हणाले, "तोंडं काय पाडताव? मयताला आलाव का?" आणि स्वतःच खोकत हसले.

तीन डाव त्यांनी पानं बघून निमूट खाली टाकली. एकच चिंचोका राहिला. तो टाकला, आणि चौकट, किल्वर कुठलेही असोत, पण चार-पाच-सहा असे ओळीनं आले. बाकीच्यांच्या हातात जोडीच्या वर काही नव्हतं. प्रत्येकाचा पहिला चिंचोका त्यांना मिळाला. एकाचे सहा झाले. तिथून पुढं त्या माणसानं जे केलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. घाई नाही. दहा डावांत आठ वेळा पानं टाकून द्यायची, आणि नवव्या वेळी अशी सारायची की समोरच्याला वाटावं, याच्याकडं काहीतरी जबर आहे. कधी असायचं, कधी नसायचं. खोकला आला की पंचा तोंडाला लावायचे, आणि पंचा खाली आला की चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळायचं नाही. सहाचे पंधरा झाले, पंधराचे चाळीस. मुकादमांकडं एकाच रंगाची तीन पानं होती. ते गड जिंकल्यासारखे चिंचोके सारत राहिले, आणि दादांनी सावकाश एक्का, राजा, राणी मांडली. मुकादम उठले, फेटा नीट केला आणि म्हणाले, "आजारी हाय म्हणं ह्यो! आजारी आमाला केलं त्यानं."

हे सगळं खरं होतं. यात कुणीही त्यांचं पोतं उचललं नाही. मी हे परत परत सांगतो, कारण पुढं मी जे केलं त्यानं यावरही पाणी पडलं.

उन्हं कलली तेव्हा दोघंच उरलो, दादा आणि मी. इतर सगळे भोवती उभे. पुढच्या तासाभरात ढिगारे कधी इकडं जास्त, कधी तिकडं. शेवटी मुकादम म्हणाले, घरी पुरणाची दिंडं वाट बघायलीत, आता एकच डाव, त्यानंतर ज्याचा ढीग मोठा तो जिंकला. ढिगारे जवळजवळ सारखेच होते. म्हणजे हा डाव ज्याचा, फेटा त्याचा.

पानं वाटली. दादांनी न बघताच पाच चिंचोके सारले. मीही सारले. मग त्यांनी पानं बघितली, आणि दहा सारले. मी माझी पानं उचलली. तीन गुलाम.

तीनपत्तीत सगळ्यांत भारी म्हणजे तीन सारखी पानं, ती हातात येणार वर्षातून एखाद्या वेळी. मी वर बघितलं. टोळीतला एकजण हात जोडून उभा होता, माझ्यासाठी नव्हे. सगळ्यांच्या डोळ्यांत तेच. आणि दादांचे हात. मनगट असं बारीक झालं होतं की त्यातलं कडं कोपरापर्यंत वर सरकलं होतं. मला वाटलं, हा माणूस उद्या सोलापूरला जाणार आणि परत येणार नाही. मला वाटलं, एक फेटा. माझं काय जातंय? खरं सांगायचं तर डोळे भरून आले होते आणि स्वतःच्या मोठेपणाचं जरा बरंही वाटत होतं. ते बरं वाटणं मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

मी पानं पालथी टाकली. "जमत न्हाय दादा. तुमचाच डाव."

गोदाम दणाणलं. दादांनी आपली पानं उलटी करून दाखवली, तर त्यात फक्त सत्त्यांची जोडी. नुसत्या सत्त्यांच्या जोडीवर त्यांनी मला उठवलं होतं! दोन महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांचा तो जुना चेहरा बघितला. "बघा रे! जोडीवर उठला! मॅट्रिक झालाय म्हणं!" ते लहान पोरासारखे मांडीवर थापा मारत होते. कुणी फेटा बांधायला घेतला, कुणी हातगाडा आणायला पळालं. तो आनंद खरा होता. तेवढ्या पाच मिनिटांपुरता तरी खरा होता.

आणि मग माझी चूक. आमच्यात टाकलेली पानं गड्डीत मिसळत नसत. मागं एकदा त्यावरून मारामारी झाली होती, तेव्हापासून आपली टाकलेली पानं आपल्याच गुडघ्यापुढं पालथी ठेवायची. आणि स्पर्धा संपली की जिंकणाऱ्यानं सगळे पत्ते उलटे करून, रंगवार लावून, बावन्न भरले असं सांगायचं आणि मगच जोड कपाटात जायचा. दर साली हे व्हायचं. दर साली पत्ते मोजून घेणारा मीच असायचो, किल्ली माझ्याच करगोट्याला. पण दानशूर होण्याच्या भरात मला त्याचा विसर पडला. दादा फेटा बांधून घेता घेता पत्ते गोळा करत होते. त्यांनी माझ्या गुडघ्यापुढची तीन पानं उचलली आणि उलटी केली.

हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग पटकन ते तिन्ही गुलाम इतर पत्त्यांत घुसवले, कुणाला दिसायच्या आत, आणि मोठ्यानं म्हणाले, "बावन्न भरले." न मोजताच. त्यांनी मला लोकांपुढं उघडं पाडलं नाही. त्यांची मिरवणूक निघाली, ते हातगाड्यावर बसले, बायका दारात येऊन बघत होत्या, आणि ते दोन्ही हातांनी गाड्याची कड धरून समोर बघत होते. लोक म्हणाले, दमलाय बिचारा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची पिशवी घ्यायला हात पुढं केला तर त्यांनी ती दिली नाही. एसटी स्टँडवर त्यांची बायको तिकिटाच्या रांगेत उभी होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "लवकर बरे होऊन या."

"तीन गुलाम टाकलास," ते म्हणाले.

"दादा, मला वाटलं..."

"काय वाटलं? ह्यो मरतोय, जिंकू दे, असंच ना?" आवाज चढला नाही, त्यामुळं जास्त लागलं. "सकाळीच सांगितलं हुतं तुला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर म्या हसलो असतो. तू न्हाय करायचं."

एसटी आली. खिडकीतून त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

दैवाची चेष्टा अशी, की दादा मेले नाहीत. दीड वर्ष सुया आणि गोळ्या घेऊन चांगले धडधाकट परत आले. पोती उचलायची डॉक्टरांनी बंद केली, म्हणून सोसायटीनं त्यांना गेटवर राखणदार नेमलं. पुढं दहा वर्षं आम्ही रोज एकमेकांना बघत होतो. ते मला चहा पाजायचे. माझ्या लग्नात वाढायला उभे राहिले, पोरगा झाला तर घुगऱ्या खाऊन गेले. बोलणं कधी तुटलं नाही. पण पत्त्याला ते पुन्हा माझ्यासमोर बसले नाहीत. मी कोंडाळ्यात असलो की ते गेटवर काहीतरी काम काढायचे. सुरुवातीला एकदा मी विचारलंही. म्हणाले, "तुझ्यासंगं कसं खेळू? तू पान टाकलंस की मला कळायचं न्हाय, खरं टाकलंस का माझ्यासाठी टाकलंस."

आणि इकडं ती गोष्ट बाजारभर झाली. चार चिंचोक्यांवर आलेला टीबीचा माणूस, सत्त्यांच्या जोडीवर मॅट्रिकवाल्याला उठवतो! नवीन हमाल आला की त्याला ही गोष्ट ऐकवायचीच. लोक दादांना म्हणायचे, सांगा की. दादा बोट माझ्याकडं करायचे. "त्याला इचारा. त्यो समोर होता." मग सगळे माझ्याकडं वळायचे, आणि मी सांगायचो. दादा ऐकत उभे असायचे. मुकादमांचा एक्का-राजा-राणीचा डाव आला की त्यांची मान हलायची. शेवटचा डाव आला की ते गेट बघायला जायचे. 'मी तीन गुलाम टाकले' एवढे चार शब्द मला लोकांपुढं कधी म्हणता आले नाहीत. म्हणालो असतो तर फेटा त्यांच्या डोक्यावरून उतरला असता, असं मी मनाला समजावायचो. खरं म्हणजे मला स्वतःच्या तोंडानं ते कबूल करायची लाज वाटत होती.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका सकाळी गेटवरच्या खुर्चीत बसल्या बसल्याच ते गेले. छातीचा त्रास, पण वेगळाच. टीबीचा काही संबंध नव्हता.

दहाव्याला मी त्यांच्या घरी होतो. ओसरीवर टोळीतली जुनी माणसं बसलेली. माणूस गेल्यावर त्याचं काहीतरी चांगलं बोलावं, म्हणून कुणीतरी ती गोष्ट काढलीच, आणि मी सांगितली. नेहमीसारखी सांगितली. त्यांची मुलगी सास्तूरला दिली होती, ती चौकटीला टेकून ऐकत होती. माणसं पांगली तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"काका, एक इचारू का? आप्पा ही गोष्ट आमाला कधी सांगायचे न्हाईत. म्या लग्नाच्या आदी एकदा लई मागं लागले, तवा म्हणाले, 'त्या दिवशी सगळ्यांना हरवलं, पर शेवटी म्या हरलो.' असं का म्हणाले असतील? तुमी तर म्हणताव ते जिंकले."

तिचं कपाळ थेट बापासारखं होतं. मी खरं सांगू शकलो असतो. तिथं कुणी नव्हतं. तिचा बाप हरायला भीत नव्हता, सत्त्यांच्या जोडीवर तो माझ्याकडून हरला असता तरी हसत हसत सोलापूरला गेला असता, एवढंच तिला सांगायचं होतं.

"चेष्टेनं म्हणाले असतील गं," मी म्हणालो. "जिंकलेच होते ते."

तिचा चेहरा मोकळा झाला. डोळे पुसत ती आत गेली, आणि मला तिचा आवाज ऐकू आला. आईला सांगत होती, "आई, ऐकलंस का? आप्पा हरले नव्हते. काका तिथंच होते, ते सांगायलेत."

थोड्या वेळानं तिची आई स्वतः बाहेर आली, डोक्यावरचा पदर सावरत माझ्यासमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, मला त्यांनी सांगितलं हुतं." मग माझ्यासाठी पाणी आणायला वळली.